उजव्या हाताची मूठ

९ फेब्रुवारी

प्रिय भावोजी,

सप्रेम नमस्कार. पाकिटावरचं अक्षर ओळखीचं वाटलं नसेल, कारण तुम्हाला पत्र लिहायची वेळ आजवर आलीच नव्हती. मी तुमच्या मामेभावाची बायको, तुमची वहिनी. फोनच करणार होते, पण तुमचे कान आता फोनला दाद देत नाहीत असं नणंदेकडून कळलं. म्हणून कागद घेऊन बसले.

काम असं आहे. सासऱ्यांचं गेम पार्लर बंद झालं तेव्हा सगळी मशिनं विकली गेली. त्यातलं एक आता आमच्या घरी आलंय. तेच, ज्यात बकरं खडकाखडकावरून उड्या मारत डोंगर चढतं. एका गोदामवाल्याने कोपऱ्यात उभं करून वर चादर टाकून ठेवलं होतं. पडदा लागतो, गाणंही वाजतं, पण मधला दांडा कुठेही ढकलला तरी बकरं जागचं हलत नाही. शेजारचा वायरमन उघडून बघून गेला. म्हणाला, दांड्याच्या बुडाशी प्लास्टिकचा एक गोल पार्ट असतो, तो फुटलाय, आणि हे असलं आता कुणी बनवत नाही. मी म्हटलं, आमच्या नात्यात एक जण बनवतात.

फुटलेले तुकडे सोबत ठेवलेत. मशीन लवकर सुरू व्हावं अशी ह्यांची फार इच्छा आहे. हे मजेत आहेत. तुम्ही कसे आहात?

तुमची,
वहिनी


१९ फेब्रुवारी

वहिनी,

नमस्कार. तुमचं पाकीट मी ऑर्डर समजून कामाच्या टेबलावर ठेवलं होतं. माझ्या दारात जे पाकीट पडतं त्यात एक तर मोडका पार्ट असतो, नाहीतर पार्टचं नाव आणि खाली पत्ता. कुठल्या कुठल्या गावांत लोक असली जुनी मशिनं घरात मांडून बसलेत. त्यांना त्या काळचीच मूठ हवी, त्या काळचंच बटण हवं, आणि रंगात फरक पडला तर ते परत पाठवतात. पण तुम्ही कसे आहात, असं त्यातलं कुणी विचारत नाही. त्यामुळे तुमच्या शेवटच्या ओळीवर मी जरा अडखळलो.

बरा आहे. कान लेथच्या आवाजाने गेले की वयाने, याबाबत डॉक्टरांचं आणि माझं एकमत नाही. बायको गेल्यापासून घरात ऐकण्यासारखं फारसं नव्हतंच. रेडिओ मात्र रोज सकाळी लावतो. मला काही ऐकू येत नाही, पण खालच्या शिंपीणबाईंना कळतं की वरचा म्हातारा उठलाय.

आता पार्टबद्दल. हातात येतो तो जुना पार्ट झिजलेला असतो. त्याचं माप जसंच्या तसं घेतलं तर नवाही झिजकाच निघतो. तेव्हा मूळचा केवढा असेल हे आपल्याला ठरवावं लागतं, आणि त्यातच खरी गंमत आहे. तुमचा तुकडा डाव्या अंगाला जास्त झिजलाय. बकरं डावीकडच्या कड्यावर अडतं ना, तिथे येणाऱ्या प्रत्येकाने जीव खाऊन दांडा ओढलेला. मी नायलॉनचा गज लेथला लावून नवा पार्ट काढलाय. बरोबर नवी स्प्रिंग आहे आणि वरची लाल गोळी. पहिली ओतली ती नारिंगी निघाली, ही बरोबर उतरली.

जोडणीचं चित्र काढून दिलंय. दादाला त्याची गरज नाही. मामा गल्ल्यावर पेंगायला लागले की आम्ही दोघं मशिनाचं मागचं झाकण उघडून काय उद्योग करायचो, ते त्याला विचारा. बकरं पार शिखरावर नेणारा तो एकटाच, आम्ही बाकीचे नुसते बघे. त्याला म्हणावं, एक ओळ लिही.

तुमचा,
भावोजी


६ मार्च

प्रिय भावोजी,

पार्ट चपखल बसला. वायरमन दोनदोनदा उलटसुलट करून बघत होता. बकरं हललं तेव्हा मलाच टाळी वाजवावीशी वाटली.

एक सांगायचं होतं. ह्यांचं म्हणणं, स्प्रिंग फार कडक आहे, पूर्वी इतकी नव्हती. आणि गोळी हातातून निसटते, जरा जाड असती तर बरं झालं असतं. तुम्ही मेहनतीने रंग जुळवलात, तेव्हा हे लिहिताना जिवावर येतंय. पण हे म्हणाले, त्याला सांग, तो समजून घेईल.

मशीन मधल्या खोलीत ठेवलंय. त्यामुळे स्वयंपाकघरात जाताना मला अंग चोरून जावं लागतं. ह्यांना लिहायचा कंटाळा, हे तुम्हाला ठाऊकच आहे. म्हणून पुन्हा माझंच अक्षर.

वहिनी


१५ मार्च

वहिनी,

स्प्रिंग कडक नाही. मूळ जेवढी होती तेवढीच आहे, मी ताणून, वजन लावून बघितलीय. दादाला म्हणावं, स्प्रिंग तीच आहे, तू म्हातारा झालास. दुकानात असताना दांडे उपटून हातात द्यायचा तो, आणि मामांच्या शिव्या मी खायचो.

तरीही पातळ तारेची दुसरी स्प्रिंग पाठवतोय. गोळीवर रबराचं वेष्टण चढवलंय. दिसायला बेंगरूळ आहे. माझ्या गिऱ्हाइकांपैकी कुणी पाहिलं तर पुन्हा माझ्याकडून खिळाही घेणार नाही. नक्कल करणाऱ्याकडे इमान एवढंच, की जसं होतं तसं करायचं. दादासाठी ते मोडलं.

राग आलाय तो निराळ्या गोष्टीचा. मी त्याच्यासाठी काम बाजूला सारून लेथवर उभा राहतो आणि त्याला एक ओळ लिहवत नाही. हात मोडलाय का त्याचा?

भावोजी


२ एप्रिल

भावोजी,

तुमचं पत्र मी ह्यांना वाचून दाखवत होते. शेवटच्या ओळीवर आले तेव्हा थांबायला हवं होतं, पण वाचण्याच्या ओघात वाचून गेले. हे हसले. खरंच हसले, तोंडाच्या एका बाजूने.

हात मोडलेला नाही. ऑक्टोबरात ह्यांना अर्धांगाचा झटका आला. सकाळी दाढी करत होते. काहीतरी पडल्याचा आवाज झाला म्हणून मी बाहेरूनच म्हटलं, काय पाडलंत आता? उत्तर आलं नाही. उजवा हात गेला, उजवा पाय गेला आणि बोलणं गेलं. पाय थोडा सावरलाय, भिंत धरून चालतात. बाकीचं तसंच आहे. दवाखान्यातून आल्यावर लोक भेटायला आले तेव्हा हे भिंतीकडे तोंड करून पडले आणि सगळे जाईपर्यंत वळले नाहीत. तेव्हापासून मी कुणाला बोलावलं नाही आणि कळवलंही नाही. नणंदेला नुसतं बीपी वाढलंय म्हणून सांगितलंय.

व्यायाम घ्यायला एक ताई येतात. त्या उजव्या हातात रबरी चेंडू देतात, हे तो डाव्या हाताने काढून खिडकीबाहेर भिरकावतात. खालची मुलं आता वाटच बघत असतात. शेवटी मला मशीन आठवलं. ह्यांची इच्छा वगैरे काही नव्हती, शोधाशोध माझीच. आणि ह्यांचं म्हणणं म्हणून जे जे लिहिलं, ते सगळं मी ह्यांच्याकडे बघून बघून जुळवलेलं. हे काही म्हणतच नाहीत, भावोजी. घरात आवाज फक्त माझा. मी विचारते, मीच उत्तर देते, आणि त्या उत्तरावर मीच रागावते. पत्र लिहायला बसलं की मात्र वाटतं, पलीकडे कुणीतरी आहे.

स्प्रिंगबद्दल तुमचंच बरोबर आहे. हाताला जोर नाही. पण ही नवी लावल्यावर हे मशिनासमोर बसले आणि उजवा हात स्वतः उचलून दांड्यावर ठेवला. डाव्या हाताने उचलून, पण स्वतः.

वहिनी


६ एप्रिल

वहिनी,

पत्र वाचलं. लेथ बंद करून खुर्चीत बसून राहिलो. शिंपीणबाई वर येऊन बघून गेल्या, कारण सकाळी रेडिओ लावायचा राहिला होता.

मी येऊ का? हो म्हणालात तर हातातलं टाकून निघतो.

नको असेल तर एवढं करा. कोऱ्या कागदावर त्याचा उजवा हात ठेवा आणि भोवती पेन्सिल फिरवा. बोटं जितकी उघडतात तितकीच राहू द्या, ओढून सरळ करू नका. अंगठा कुठे जातो, मनगट कुठल्या बाजूला सहज वळतं, ते शेजारी लिहा. आजवर मी जे केलं ते समोरच्या वस्तूची नक्कल होती. ह्या कामाला नमुना नाही. पण हात आहे, तेव्हा जमेल.

भावोजी


१७ एप्रिल

भावोजी,

कागद पाठवतेय. पहिल्यांदा ह्यांनी हात मागे घेतला. मी म्हटलं, भावोजींनी मागितलाय. तेव्हा ठेवला. बोटं आत वळलेली आहेत, पेन्सिल मधून जाईना, त्यामुळे हाताऐवजी बटाटा काढल्यासारखं झालंय. ह्यांनीही बघितलं आणि मान हलवली. चित्रकला माझी शाळेपासूनच अशी.

लग्नाला एवढी वर्षं झाली, पण ह्यांचा हात धरून मी कधी इतका वेळ बसले नव्हते. आमच्यात तशी पद्धत नव्हती. करंगळीच्या मुळाशी एक जुना व्रण आहे, तो मला नवाच होता. तुम्हाला माहीत असेल. ह्यांना विचारून उपयोग नाही.

मनगट बाहेरच्या बाजूला वळत नाही. आतल्या बाजूला थोडं वळतं. खांद्यातून मात्र बरंच हलवता येतं.

तुम्ही येऊ नका. राग मानू नका. ह्यांनी तुमच्यासमोरही भिंतीकडे तोंड केलं, तर ते मला बघवणार नाही.

वहिनी


५ मे

वहिनी,

व्रण आहे तो मशिनाच्या मागच्या पत्र्याचा. झाकण मी धरलं होतं आणि ते माझ्याच हातून सुटलं. मामांना त्याने सांगितलं, बाटली फुटली.

बटाट्यावरून काम झालं. नुसत्या चित्रावर भागेना, म्हणून मी माझाच उजवा हात बोटं मुडपून पट्टीने बांधला आणि तसाच वावरलो. सदऱ्याची गुंडी लागेना. खाली गेलो तर शिंपीणबाईंनी काही न विचारता लावून दिली. जेवताना भात मांडीवर सांडला. चिडलो, ताट सरकवून दिलं. मग वाटलं, मला संध्याकाळी पट्टी सोडता येते.

तशा बांधल्या हाताने दांडा धरून बघितला. गोळी ही पकडणाऱ्या हातासाठी असते. पकडायचंच नसेल तर मुठीच्या आत जाऊन बसणारी वस्तू हवी. म्हणून आधी शाडूची केली, रोज थोडी थोडी खरवडली. आडवी आहे, मधे जाड, दोन्हीकडे निमुळती. वळलेली बोटं तिच्यावर आपोआप बसतील. वर मऊ कातडी पट्टा आहे, तो मनगटाशी बांधायचा, आवळायचा नाही. दांडा लांब केलाय, म्हणजे खांदा हलला तरी खाली खटका बसतो. स्प्रिंग एका घड्याळवाल्याकडून आणलेल्या तारेची आहे. फुंकर मारली तरी झुकते.

रंग लालच ठेवलाय. तेवढी नक्कल मला करू द्या.

भावोजी


२४ मे

प्रिय भावोजी,

तुम्हाला हे कसं लिहू कळत नाही, तेव्हा जसं झालं तसं लिहिते.

मूठ बसवली आणि पट्टा बांधला. त्या दिवशी हे नुसते बसून राहिले. दुसऱ्या दिवशीही. मी स्वयंपाकघरात होते आणि मशिनाचं गाणं सुरू झालं. डोकावले. हे खांदा पुढे नेत होते, कपाळावर घाम. बकरं एक खडक चढलं, दुसरा चढलं आणि पडलं. मला वाटलं, आता पट्टा सोडून फेकतील. हे पडद्याकडे बघत म्हणाले, "परत."

मी दारातच उभी राहिले. ऑक्टोबरपासून ह्यांच्या तोंडून एक शब्द ऐकला नव्हता. मी म्हटलं, काय म्हणालात? माझ्याकडे बघून जरा वैतागून पुन्हा म्हणाले, "परत." म्हणजे, नाणं टाक. मी नाणं टाकलं. दिवसभर तेच चाललं होतं. हे "परत" म्हणायचे आणि मी टाकायचे. वरण करपलं.

ताईंना दाखवलं. त्या मूठ हातात घेऊन बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, हे कुठल्या कंपनीचं? मी म्हटलं, घरचंच आहे.

वहिनी


१२ जुलै

वहिनी,

बऱ्याच दिवसांत पत्र नाही. खेळण्यात वेळ मिळत नसेल, असं धरून चाललोय.

मी एक उद्योग केला. इतकी वर्षं पार्ट बनवतोय, पण माझ्याकडे खेळायला मशीन नव्हतं. एका गिऱ्हाइकाकडे बकऱ्याच्या खेळाचं जुनं सर्किट पडून होतं. ते आणलं, टीव्हीला जोडलं. दादाच्या मुठीत आणखी काय सुधारता येईल ते त्यावर कळतंय. उडीचं बटण डाव्या हाताशी मोठं करून बसवता येईल. तसं एक केलंय, सोबत आहे.

डाव्या कड्यावर मी रोज पडतो. दादा तिथून कसा जायचा, ते त्याला विचारून कळवा. सांगता आलं नाही तर मूठ कुठे नेतो ते तुम्ही बघून लिहा.

भावोजी


२१ ऑगस्ट

वहिनी,

बटण पोचलं का? पोस्टात गहाळ झालं असेल तर दुसरं करतो. काम काही फार नाही.

दादाला त्रास होत असेल, तुम्हाला लिहायला सवड नसेल, तर कोरं कार्ड टाकलं तरी चालेल. पोस्टमन गल्लीत शिरला की मला खिडकीतून दिसतो. हल्ली खिडकीपाशीच काम घेऊन बसतो.

भावोजी


१४ सप्टेंबर

भावोजी,

दादा तिथून कसा जायचा ते विचारून कळवा, असं तुम्ही लिहिलं होतं. मला आता ते विचारता येणार नाही.

हे जूनच्या शेवटी गेले. दुसरा झटका आला, झोपेतच. सकाळी मी चहा घेऊन गेले आणि हाक मारली. हाकेला उत्तर न येण्याची मला सवय झाली होती, म्हणून कप ठेवून परत आले. भांडी घासली. चहा तसाच राहिलेला दिसला तेव्हा कळलं.

नणंद आली, तिचा मुलगा आला, सगळं त्यांनी केलं. तुम्हाला कळवायचं मी अंगावर घेतलं होतं. कागद घ्यायचे, तुमचं नाव लिहायचे आणि उठायचे. मग तुमचं जुलैचं पत्र आलं. त्यात हे खेळत होते. त्यांना वेळ मिळत नव्हता. त्यांच्यासाठी तुम्ही बटण केलं होतं. सगळ्यांच्या लेखी हे गेले होते, फक्त तुमच्याकडे अजून होते. मी लिहिलं की तिथूनही जाणार. म्हणून नाही लिहिलं. तुम्ही खिडकीशी बसता हे वाचल्यावर मात्र माझीच मला लाज वाटली.

त्या शेवटच्या महिन्यात हे रोज खेळले. कड्याच्या पलीकडे एकदाही गेले नाहीत. पण व्यायामाला कुरकुर केली नाही, पाहुणे आले तर तोंड फिरवलं नाही. "परत"च्या जोडीला आणखी एक शब्द आला होता, माझं नाव. लग्नानंतर ह्यांनी मला नावाने कधी हाक मारली नव्हती, "अगं" म्हणायचे. एवढं नाव लक्षात ठेवलं होतं म्हणायचं.

आता कामाचं. व्यायामाच्या ताई परवा आल्या होत्या. त्यांच्याकडे एक बाई येतात, चाळिशीच्याही नसतील, त्यांचा डावा हात तसाच झालाय. ताईंनी विचारलं, ती मूठ त्यांना देऊन बघू का? मी हो म्हटलं. त्या बाई घरी आल्या, मशिनासमोर बसल्या. पण मूठ उजव्या हाताची, आणि ह्यांच्या मापाची. त्यांच्या हातात ती फिरते. तुम्ही त्यांच्यासाठी करून द्याल का? तुम्हाला नको वाटत असेल तर तसं लिहा, मला वाईट वाटणार नाही. त्यांचा हात कागदावर काढून घेतलाय. या वेळी बटाट्यापेक्षा बरा आलाय.

वहिनी


२९ सप्टेंबर

वहिनी,

पत्र मिळालं त्याला बरेच दिवस झाले. दादाबद्दल लिहायला घेतलं की अक्षर पुढे सरकत नाही, म्हणून आधी मूठ करायला घेतली.

त्या बाईंची मूठ झाली आहे. हात लहान आहे, बोटं लांब आहेत, आणि अंगठा आत दुमडतो, त्यामुळे त्याला टेकायला वेगळी खाच ठेवलीय. दादाच्या मुठीला ती नव्हती. त्याचा अंगठा बाहेर राहायचा. रंग काय ठेवू ते सुचेना. शिंपीणबाईंना विचारलं, त्यांनी निळ्या कापडाचा तुकडा पुढे केला. तसा जुळवलाय.

ही मात्र पोस्टाने पाठवत नाही. दादाच्या वेळी तुम्ही नको म्हणालात आणि मी ऐकलं. ऐकायला नको होतं, असं मी म्हणणार नाही. पण या मुठीचे स्क्रू हात आत असताना आवळावे लागतात, आणि ते काम मला स्वतःला करायचं आहे. मी केलेला पार्ट धरलेला हात मी आजवर एकदाही पाहिलेला नाही.

शनिवारच्या बसने निघतो, दुपारपर्यंत पोचेन. त्या बाईंना रविवारी बोलवा. शनिवार आपल्याला असू दे. दादाचं सगळं मला सांगा, नुसतं ऑक्टोबरपासूनचं नाही, त्याआधीपासूनचं, लग्नापासूनचं. मी ओठांकडे बघून समजून घेतो, तेव्हा माझ्यासमोर बसून सांगावं लागेल. मधेच थांबावंसं वाटलं तर थांबा. मला कुठे जायची घाई नाही.

तुमचा,
भावोजी